सुनेची उत्तरं सासूच्या तोंडून

मंगळवार, संध्याकाळ. सिंदी मेघे

डोकं फिरलंय आज. मनाच्या आजारांच्या सर्व्हेसाठी अल्लीपूरला पहिली सहा घरं केली आणि सहाही फॉर्म कोरे गेल्यासारखेच. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं? शून्य. किती दिवस झोप लागली नाही? शून्य. प्रश्न सुनांसाठी होते, उत्तरं सासवांनी दिली. मी फॉर्म काढला की सासू म्हणणार, "चहा मांड व," आणि स्वतः माझ्यापुढे बसणार. सून गॅसपाशी, मी शून्य लिहितेय. एकांतात विचारा, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं. कुठून आणू एकांत?

सातव्या घरी मी चहाच नको, सुनेला इथेच बसू द्या, म्हटलं. पण पाहुणी तशीच कशी जाईल, म्हणून तिथे सासूच उठली! सून घाईने म्हणाली, "ताई, लवकर विचारा. चहा झाला का येतीन त्या." मग एका दमात सगळं. कॉलेज सुटलं, माहेरी फोन करायचा तरी विचारावं लागतं, महिनाभर धड झोप नाही. पहिल्यांदा शून्य सोडून काहीतरी लिहिलं.

सासू चहा घेऊन आली. कप देताना हळूच म्हणाली, "बुढा गेला तवापासून मले बी झोप नाई, बाई. मले काऊन नाई विचारलं?"

साठीच्या वर फॉर्म नाही, असं मी तिला तोंडावर सांगितलं. वर तिचा चहाही प्याले.