गंगेत न सोडलेलं कासव

चि. भागीस थोरल्या बहिणीचे, म्हणजे सरूचे, ओंजळभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? घोटीला भात पोसवला का? इकडं सगळे बरे. ह्यांचा खोकला आहेच, पण तो आता घरचाच झालाय.

पत्रास कारण, मी एक जीव वाचवला. (माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं, अक्षर लावून लावून वाच.) गेल्या पौर्णिमेला गंगेवर गेले, तर घाटावर बायका हात जोडून उभ्या. मला वाटलं कुणी महाराज आलेत. बघते तर एक बाप्या परातीत कासव घेऊन पाण्यात उतरलेला! कासवाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. दुकान चालावं म्हणून कुणीतरी त्याला ते घरात ठेवायला सांगितलेलं. दुकान काही चाललं नाही, तेव्हा त्याच शहाण्यानं सांगितलं, गंगेत सोड, पुण्य लागेल. मी आधी कासवाचे पाय बघितले. आपली तेजस्विनी (नात कुणाची!) वनखात्याच्या लोकांबरोबर कासवं सांभाळते, तिनंच शिकवलंय, पाण्यातल्याच्या बोटांत पडदा असतो, जमिनीवरच्याचे पाय हत्तीसारखे खुंट. हे खुंटवालं निघालं, पाठीवर चांदण्या. पाण्यात टाकलं की गेलंच तळाला. मी पातळ खोचलं आणि त्या बाप्याचा हात धरला. म्हटलं, "याला पोहता येत नाही. तुला येतं ना? मग तूच जा." एक बाई म्हणाली, कासव कुठं बुडतं होय, देवळात देवासमोर असतं. मी म्हटलं, "ते दगडाचं. तेही टाकून बघ."

परात मीच उचलून आणली. तेजूनं वनखात्याला कळवलं, साहेब स्वतः न्यायला आले. दूध-पोळी खाऊन कवच मऊ पडलंय म्हणे. आता तिकडं त्याला ऊन, कोमट पाणी आणि घोळीची भाजी. घोळ मीच पाठवते. कोवळी पानं कासवाला, जून दांडे ह्यांच्या ताटात. साहेबांनी विचारलं, हे जमिनीवरचं म्हणून ओळखलं कुणी? तेजू म्हणाली, "माझ्या आजीनं." भागे, तेव्हा तू हवी होतीस लय.

तुझी,
सरू

ता. क. तो बाप्या म्हणजे तुझा लेक योगेश. वरच लिहिलं असतं तर तू पुढं वाचलं नसतंस. मी कुणाला सांगितलं नाही, भजनातल्या बायका सोडून.

ता. क. आणखी. कासवं त्यानं जोडीनं आणलीत. दुसरं त्याच्या देवघराखाली टपात आहे, आणि मावशी आली की घराला कुलूप. (फोन केला असता, पण तू लगेच त्यालाच लावून विचारलं असतंस.) तू ये, तो तुझ्या शब्दाबाहेर नाही. पण अमावस्येच्या आत ये. त्याची बायको पूजा हळूच सांगत होती, या वेळी सोमेश्वरला गंगेत सोडायचं ठरलंय, तिथं म्हणे मावशी येत नाही.