मिठाच्या वाटेचा दुसरा भाग

रुसे, १६ फेब्रुवारी

चि. राली हिस,
ल्यूबेनमामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू "हो मामा, बरं मामा" करून मला गुंडाळतेस, म्हणून हे पत्र. ईमेलनं येतंय, पण कागदावरचं समजून निवांत वाच.

तब्येत ठीक, दवाखाना ठीक. रुमानियातले पेशंट डॅन्यूबवरचा पूल ओलांडून येतात, तोंड उघडतात, दात दुरुस्त करून परत जातात. चित्त मात्र थाऱ्यावर नाही. नाताळपासून कितीतरी गेम सुरू केले, एकही तडीला नेला नाही. एकाचा नकाशा उघडला तर गोवर उठल्यासारख्या खुणा. इथे पेटी, तिथे मनोरा, पलीकडे कुणाचं तरी हरवलेलं कोंबडं. दुसऱ्यात चालायला मिळण्याआधी तासभर सिनेमाच बघायचा. तिसरा आपला जुनाच गेम, नवे दात बसवून पुन्हा विकायला काढलेला. दात मीही बसवतो गं, पण माणूस नवा आहे असं सांगत नाही. आणि चौथा तर अर्धवटच. म्हणे आत्ता घ्या, उरलेला पुढे करू. मी अर्धी दाढ भरून पेशंट घरी पाठवला तर?

आता खरी बातमी. 'मिठाची वाट'चा दुसरा भाग येतोय! तू नऊ वर्षांची होतीस. मी खेचर हाकायचो आणि तू सोफ्याच्या हातावर बसून वाट सांगायचीस. काल त्याची झलक दाखवली. तेच डोंगर, तेच मिठाचे व्यापारी. ऑक्टोबरात येणार म्हणतात. छप्पन्न वर्षांचा बाप्या मी, पण स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालत होतो. कंपनी परदेशी आहे, काम कुणाकुणाला वाटून दिलंय म्हणे. तू त्याच धंद्यात आहेस. काही कानावर आलं तर कळव.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ल्यूबेनमामा


सोफिया, ३ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला वसंताचा लाल-पांढरा दोरा पोचला. मनगटावर बांधलाय. बाबांचा स्पेनहून फोन आला होता, ट्रक दुरुस्तीला टाकलाय म्हणाले.

ईस्टरला येणार की नाही ते सांगत नाही म्हणून तू रागावलीस. कारण सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव. मामा ज्या गेमची वाट बघतोय ना, तो आम्हीच बनवतोय. सहा वर्षं झाली. घरच्यांनाही सांगायचं नाही अशी सही करून दिलीय. तुला सांगतेय ते तुला गेममधलं काही कळत नाही या भरवशावर. रागावू नकोस.

घाटाचा सगळा भाग माझा आहे. धुकं, धनगरांच्या वाटा, पूल, वरचं गाव आणि शेवट. मामाचं पत्र वाचलं आणि दिवसभर काम सुचलं नाही. एकदा वाटलं, त्याला सांगून टाकावं. मग वाटलं, ऑक्टोबरात शेवटी नावांची यादी सरकेल, तेव्हा त्याला आपोआप दिसेल. त्याचं तोंड कसं होईल ते बघायला मी मुद्दाम रुसेला जाणार आहे.

पण इथे काही खरं नाही. नवे साहेब आलेत. दर आठवड्याला काहीतरी बदलतं. सोमवारी बांधायचं, गुरुवारी पाडायचं. ईस्टरचं म्हणून सांगता येत नाही.

तुझा लोभ आहे म्हणून हात चालतात.
तुझी,
राली


सोफिया, २० एप्रिल

ती. ल्यूबेनमामास,
रालीचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान ओढ. काम फार आहे. कसलं काम ते विचारू नकोस. तेच आपलं, झाडं लावायची आणि दगड ठेवायचे.

तू विचारलंस त्याबद्दल कानावर काही नाही. तूही फार आशा लावून बसू नकोस. झलक दाखवतात ती लग्नातल्या फोटोसारखी असते, त्यावरून संसार कळत नाही.

एक विचारू? समज, एखादा गेम रोज उघडल्याबद्दल तुला बक्षीस देऊ लागला. आज नाणं, उद्या टोपी, सात दिवस न चुकता आलास तर नवं खेचर. तर तू रोज येशील का? आणि एखादा गेम कधी संपलाच नाही, दर महिन्याला पुढे वाढतच गेला, तर तुला आवडेल? गंमत म्हणून विचारतेय. उगाच अर्थ काढत बसू नकोस.

लोभात कसर नको.
तुझी,
राली


रुसे, ४ मे

चि. राली हिस,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

गंमत म्हणून विचारलंस, पण मी दोन दिवस त्याच विचारात होतो. एका बाईंच्या भलत्याच दातावर टकटक करत बसलो.

रोज हजेरी लावल्याबद्दल बक्षीस मला नको. हजेरी मी दवाखान्यात लावतो. आणि न संपणारा गेम तर मुळीच नको. माझ्या आयुष्यात काही म्हणता काही संपत नाही बघ. दाढ भरली की दोन वर्षांनी तोच माणूस तीच दाढ घेऊन हजर. बिलं संपत नाहीत, जिना झाडून संपत नाही, माझं आणि तुझ्या मामीचं भांडण तर घटस्फोटानंतरही संपलं नाही. गेम ही एकच गोष्ट अशी, की ती शेवटाला जाते, तुझ्याकडे बघते आणि म्हणते, झालं, आता जा. आपण 'मिठाची वाट' संपवली त्या दिवशी तू रडलीस आणि मग भूक लागली म्हणून अर्धा ट्रे बानित्सा एकटीनं खाल्लीस. शेवट चांगला असला की भूक लागते.

आता माझा बेत ऐक. ऑक्टोबरात आठवडाभर दवाखाना बंद. रुमानियनांना आत्तापासून सांगून ठेवतोय की दुखायचं ते सप्टेंबरात दुखवून घ्या. तूही ये. सोफ्याचा हात रिकामा आहे.

प्रेम असू दे, आणि जेवत जा.
ल्यूबेनमामा


सोफिया, ९ जुलै

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या चेरीच्या मुरंब्यावर दोन दिवस काढले. स्वयंपाक करायला उसंत नाही.

मागच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी उठून बोलले. मामाचंच बोलले, नाव न घेता. म्हटलं, लोकांना शेवट हवा असतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलंय. म्हणाला, शेवट झाला की लोक निघून जातात, आणि निघून गेलेल्या माणसाला काही विकता येत नाही. मग माझा शेवट काढून टाकला. घाटाच्या वर आता एक बाजार आहे. तो दर महिन्याला वाढत जाणार.

आई, मला एका जागी बसवत नाही. बसमध्ये मधेच उतरते आणि चालत घरी जाते. सगळ्यांचीच अशी गत आहे. कुणी म्हणतं कंपनी आम्हाला विकणार, कुणी म्हणतं हा गेमच विकणार. मामा तिकडे ऑक्टोबरचे दिवस मोजतोय. त्याला पत्र लिहायला बसते आणि उठते.

तू काळजी करू नकोस म्हटलं तरी करशीलच. माया असू दे.
तुझी,
राली


रुसे, ११ सप्टेंबर

चि. राली हिस,
आशीर्वाद. वि. वि.

वाचलंस ना? बंद केला. ऑक्टोबर नाही, पुढचं वर्ष नाही, कधीच नाही. चार ओळींची जाहीर सूचना, त्यात तीनदा 'प्रवास' हा शब्द. यांनी लोकांना घाटात सोडलं आणि म्हणतात प्रवासाबद्दल आभार.

माझं डोकं फिरलंय. सहा वर्षं हे लोक काय करत होते गं? झोपा काढत होते? मी आमच्या जुन्या खेळाडूंच्या फोरमवर लांबलचक लिहिलं. लिहिलं की या कारागिरांनी सहा वर्षं आम्हाला भुलीचं इंजेक्शन देऊन ठेवलं आणि दात न काढताच दिवा मालवून घरी गेले. आळशी, निगरगट्ट, कामाची लाज नसलेली माणसं. लोकांना फार आवडलं. शेकडोंनी शाबासकी दिली, इंग्रजीत भाषांतर होऊन कुठल्या कुठे गेलं. एवढं कौतुक मला कवळीबद्दलही कधी मिळालं नाही.

तरी चैन नाही. दुसरे गेम लावून पाहिले, पाच मिनिटांत बंद केले. पुढच्या वर्षीच्या नव्या गेमच्या याद्या वाचल्या, सगळे एकाच साच्यातले वाटले. दवाखाना बंद ठेवायचा तो आठवडा आता कसा घालवू?

तू तरी लिही. चार महिने तुझी एक ओळ नाही. लोभ आटला की काय?
ल्यूबेनमामा


त्रोयान, १५ सप्टेंबर

चि. ल्यूबेन यास,
मिलेनाताईचे आशीर्वाद, या वेळी नाइलाजानं.

गाढवा, लोकांच्या तोंडात बघता बघता स्वतःच्या तोंडाकडे बघायचं राहिलं का तुझं? ते आळशी, निगरगट्ट कोण, ठाऊक आहे? त्यातली एक माझ्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तुझी भाची. सहा वर्षं ती तोच गेम बनवत होती. बोलायची मनाई होती म्हणून तुला सांगितलं नाही. तुझ्यासाठी ऑक्टोबरात रुसेला येणार होती, तुझं तोंड बघायला. मंगळवारी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि काम संपलं म्हणून सांगितलं. शुक्रवारी ऑफिस आवरलं आणि दुपारी पिशवी घेऊन इथल्या बसमध्ये बसली.

मी तुम्हा दोघांच्या गेमना आयुष्यभर नावं ठेवली. तू तिला वकील होऊ दिलं नाहीस हे अजून मनात आहे. पण माझी पोर आळशी नाही. दोन वर्षांत ती एकदाही धड सुट्टीला आली नाही.

तुला काही सांगू नको म्हणून तिनं मला बजावलंय. मी सांगितलं. शनिवारी लाल मिरच्या भाजायच्या आहेत, चाळीस किलो. हात कमी आहेत. यायचं तर ये, नाहीतर तुझ्या शेकडो शाबासकीवाल्यांबरोबर बस.

धाकटा आहेस म्हणून अजून लोभ ठेवते.
मिलेनाताई


त्रोयान, २२ सप्टेंबर

प्रिय स्तानिमिर यास,
मिलेनाचा स. न. वि. वि.

तू फोनवर विचारलंस की राली कशी आहे, आणि ती शेजारी होती म्हणून मला नीट सांगता आलं नाही. आता सविस्तर लिहिते. तिकडे स्पेनात सारागोसाला रात्री ट्रक थांबवशील तेव्हा वाच.

ल्यूबेन शनिवारी सकाळीच आला. डॅन्यूबचा एक मोठा मासा कागदात गुंडाळून आणला होता आणि तो हातात धरून फाटकातच उभा राहिला. राली अंगणात मिरच्या सोलत होती, बोटं काळी. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली. मी मासा घेतला आणि त्याला दुसऱ्या स्टुलावर बसवलं. कितीतरी वेळ दोघं नुसती सालं काढत होती. मग तो म्हणाला की फोरमवरचं लिहिलेलं मी पुसलं, पण लोकांनी वाचलेलं पुसता येत नाही.

राली म्हणाली, "आम्हीही वाचलं, मामा. शेवटच्या दिवशी ऑफिसात एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं. तो भुलीच्या इंजेक्शनपाशी आला आणि मला कळलं की हा तू आहेस. सगळे हसले. मीही हसले."

स्तानिमिर, माझ्या भावाला मी आईच्या मयतीलाही असा पाहिला नव्हता. हातातली मिरची त्यानं सोलून सोलून तिचा लगदा केला. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं. पण विचारलं भलतंच. घाटाच्या वर काय होतं?

तिनं मान हलवली. म्हणाली की गेम बंद पडला तरी सही आहेच, सांगायला मनाई आहे.

"मग सांगू नकोस," तो म्हणाला. "मला खेळू दे."

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. मला वाटलं आता उठून आत जाईल. मग तिनं हात पुसले आणि डोळे मिटून बोलू लागली. तू झऱ्यापाशी उभा आहेस. खेचरावर मीठ लादलंय. धुकं आहे. डावीकडे पूल, उजवीकडे धनगरांची वाट. ल्यूबेननं विचारलं, पूल किती जुना? ती म्हणाली, जाऊन बघ. तो म्हणाला, गेलो. ती म्हणाली, तिसरी फळी करकरतेय. तो स्टुलावरच सावरून बसला. वर गुडघे जवळ घेतले, पडेल म्हणून!

असं दुपारभर चाललं. मधे दोघं जेवली, पण जेवतानाही तो विचारत होता की वाटेत भेटलेल्या त्या म्हातारीनं दिलेलं मीठ खरं की खोटं. राली आधी हळू बोलत होती, पुढे हात हलवू लागली, मिरचीच्या सालांनी डोंगर मांडून दाखवू लागली. संध्याकाळी वरच्या गावाच्या अलीकडे बर्फ सुरू झालं. धनगरानं थांब म्हटलं होतं, पण ल्यूबेनला घाई. तो पुढे निघाला.

रालीनं एक साल डोंगरावरून खाली टाकलं. मग म्हणाली, "मेलास, मामा." आणि हसली. खरं हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

"पुन्हा," तो म्हणाला.

रविवारी दोघं पुन्हा झऱ्यापासून निघाली. या वेळी तो धनगराच्या झोपडीत थांबला. वरच्या गावापर्यंत काही पोचली नाहीत, कारण आज सोमवारचे पेशंट होते आणि त्याला परत जायचं होतं. पुढच्या शनिवारी येतो म्हणाला. निघताना गाडीपाशी तिनं त्याला मिठी मारली. माफी मागितली की नाही मला माहीत नाही. मी मुद्दाम आत गेले होते.

पुढचं काय ते तिचं तिलाही ठाऊक नाही. सोफियातून दोन जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला होता, आपलंच काहीतरी छोटं करू म्हणून. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अंगणात फेऱ्या मारतेय. पण काल रात्री दोन वेळा वाढून घेतलं.

आता माझं ऐक, आणि हसू नकोस. आज सकाळी मी बरण्या धूत होते. माझ्या डोक्यात सारखा तोच पूल. ल्यूबेन दोन्ही वेळा पुलावरून गेला, पुलाखाली कुणी बघितलंच नाही. शेवटी मी तिला विचारलं की खाली काय आहे. ती दारात उभी होती, कॉफी घेऊन. म्हणाली, "मला नको विचारू, आई. तू ठरव. उतरायचंय?"

मी बरण्या तशाच ठेवल्या, हात पुसले आणि उतरले.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, तूही तिकडे आमच्यावरचा कमी होऊ देऊ नकोस. गाडी सावकाश चालव.
तुझी,
मिलेना