कानात सांगायचं नाव

सुखदा,

शिफ्टला निघालोय. तुम्ही दोघं झोपलायत, म्हणून उठवलं नाही. बाळाच्या नावाचा फॉर्म याच लॅपटॉपवर उघडा आहे. जन्मनोंदणीचे साठ दिवस आज संपतात, आज सबमिट करायलाच लागेल.

मिडल नेम माझं टाकलंय, सारंग. आपल्यात बापाचंच असतं. त्याच्या आधीचं रिकामं आहे.

काल तू "तनय सारंग, नचिकेत सारंग" असं जोडून बघत होतीस आणि मी ओरडलो. सॉरी. राग तुझ्यावर नव्हता. नाव आत्या ठेवते ना. चित्राताई म्हणाली होती, "ठरवलंय मी, पण फोनवर नाही सांगणार. बॉर्डर उघडली की सिडनीला येऊन त्याच्या कानातच सांगते. घाई काय आहे, सारंग्या?" आणि मागच्या महिन्यात कोविडने गेली. तिचे सगळे मेसेज परत वाचले. भावजींनाही विचारलं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता तूच ठेव, मला नाही जमत. आधी त्याच्या कानात सांग, मग फॉर्मवर टाक. मला मेसेज नको करूस. दुपारी घरी आलो की तू त्याला हाक मार, मी ऐकतो. ताईनेही हेच नाव ठरवलं होतं असं धरून चालेन. नाही म्हणायला आता ती आहे कुठे.

सारंग