बेचाळीस पौंडांचं धनुष्य

सातपूर, नाशिक
१८ मे

प्रिय चैताली,

सप्रेम जयभीम. हे पत्र हातात पडल्या पडल्या आईला फोन लावून 'बाबांना काय झालंय' असं विचारू नकोस. मला काही झालेलं नाही. बीपीची गोळी वेळेवर घेतो, सकाळी आयटीआयच्या मैदानावर चार फेऱ्या मारतो आणि दोन वेळा व्यवस्थित जेवतो. तीन महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस, एवढंच काय ते झालंय. तू आईशी बोलतेस तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद करून शेजारीच बसलेला असतो. तुला ते कळतं, म्हणूनच तू आईला मोठ्याने सांगतेस की तुझं जेवण नीट होतंय, खोकला गेलाय. मी आपला टीव्हीवरच्या मुक्या बातम्या बघत राहतो.

तुझ्या कंपनीतल्या योगेशच्या हाती जो लांबोडका डबा पाठवलाय, त्यात तू मागितलेलं सगळं सामान आहे. होय, मीच निवडलंय. आता हा बाप कसा वळला ते सविस्तर सांगतो, कारण फोनवर आपलं दोघांचं तिसऱ्या वाक्याला बिनसतं.

फेब्रुवारीत तू म्हणालीस की नामिबियातल्या तुमच्या त्या फार्मवर दरवर्षी जूनमध्ये गवत पुरेनासं होतं, म्हणून हरणांचे कळप थोडे कमी करतात आणि मांस कामगारांच्या घरांत वाटतात. सोलर पंपाचं काम करत तुला तिथे दोन वर्षं झाली, म्हणून यंदा मालकीणबाईंनी तुलाही एका जनावराची परवानगी दिली, रीतसर कागद करून. पाणवठ्याच्या त्या भागात बंदूक चालवत नाहीत, तेव्हा साधं, जुन्या पद्धतीचं धनुष्यच हवं. तू मोठ्या हौसेने म्हणालीस, बाबा, तुम्ही टूलरूमवाले, तुम्हीच निवडून द्या. आणि मी काय केलं? पंचशील घेतलेल्या घरातली पोर असं करते का म्हणून तुला भाषण दिलं. तू शांतपणे विचारलंस, "बाबा, दर रविवारी तुम्ही मटण आणता, ते बोकड काय राजीनामा देऊन येतं का?" स्वयंपाकघरात आई खो खो हसली. तिचं हसू ऐकून माझा पारा आणखी चढला, मग बोलू नये ते मी बोललो आणि तू फोन ठेवलास.

पुढचे दोन रविवार मटण आणायला गेलो नाही. आईने विचारलं, बोकडाशी भांडण झालंय का? तिसऱ्या रविवारी गेलो. रांगेत उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराच्या हाताकडे न बघता समोर टांगलेल्याकडे बघितलं. तू म्हणाली होतीस की जे खाते ते एकदा तरी स्वतःच्या हाताने, त्याच्या समोर बसून आणायचं आहे, नाहीतर खाणं सोडायचं आहे. बासष्ट वर्षांचा झालो, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो तुला पडला आणि तू त्याला पाठ दाखवली नाहीस, याचा मला राग आला होता असं मी समजत होतो. खरं सांगायचं तर मला तुझा अभिमान वाटला होता आणि तो कसा दाखवावा हे कळलं नव्हतं.

सहादू आठवतो? माझ्याबरोबर ग्राइंडिंगला होता तो. त्याचं गाव सुरगाण्याकडे. त्याने मंगळू नावाच्या माणसाचा पत्ता दिला. एका रविवारी मोटारसायकल काढली, दिंडोरी, वणी करत पोचलो. मंगळू माझ्याच वयाचा, पण अंगाने सुकडा आणि डोळ्यांनी तिखट. तिकडे आता शिकार बंद आहे, कायदाच आहे तसा. मंगळू तिरकमठे करतो ते सणाला नाचणाऱ्यांसाठी आणि नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांसाठी. पण त्याचा बाप आणि आजा यांनी जे शिकवलं ते सगळं डोक्यात आहे. मी ऐटीत म्हणालो, सगळ्यात जोरकस असेल ते द्या. त्याने माझ्या मागे बघितलं.

"पोर कुठं हाय?"

आफ्रिकेत आहे म्हटल्यावर त्याने हातातलं काम खाली ठेवलं. माणूस समोर उभा राहून ओढत नाही तोवर धनुष्य द्यायचं नाही, ही त्यांच्या घराची रीत. बाजारात टांगून विकायची ती चीजच नाही म्हणे. मग मी हात पुढे केला आणि सांगितलं की हा तिचाच हात आहे. कॉलेजात असताना तू माझे शर्ट पळवायचीस आणि बाह्या जिथल्या तिथे बसायच्या, हे त्याला सांगितलं. त्याने दोरीने माझा हात मापला, छाती मापली, आणि "बरं, तुमीच पोर व्हा" म्हणाला. तेव्हापासून मी त्या अंगणात चैताली झालो.

चैताली म्हणून पहिलं धनुष्य ओढलं ते पंचावन्न पौंडांचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं. खांदा थरथरला, बाण शेजाऱ्याच्या कुडाच्या भिंतीत घुसला आणि मंगळूच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मंगळू मात्र हसला नाही. म्हणाला, "ताकद दाखवायची नाय, दादा. जनावर पान्यावर येतं, थांबतं, मान वर करून बघतं. तवर दोरी ओढून गप धरता आली पायजे. धरता येत नाय ते धनुष्य आपलं नाय." दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती अशी, की धनुष्यात जेवढा जोर, तेवढंच जनावर. तू पाठवलेल्या कागदावर कुडू होतं, ते घोड्याएवढं हरीण. तिथल्या नियमाने कुडूला जेवढा जोर लागतो तेवढा आपल्या हाताच्या धनुष्यात येत नाही. तेव्हा कुडूचं नाव काढायचं नाही. स्प्रिंगबॉक घे, आपल्या काळविटासारखं लहानखुरं. यावर वाद घालू नकोस, हे मंगळूचं म्हणणं आहे, माझं नाही.

मग दोन महिने मी मेहनत केली. रोज सकाळी गच्चीवर मंगळूने सरावापुरती दिलेली कमीजास्त जोराची धनुष्यं ओढायची, आठ आकडे मोजेपर्यंत धरायची आणि सावकाश सैल करायची. बाण न लावता दोरी सोडायची नसते, धनुष्य फुटतं, हेही लक्षात ठेव. कॉलनीतले लोक खालून विचारायचे, मल्हारीभाऊ, कुणावर नेम? आई म्हणाली, मी शिकले असते तर एव्हाना जमलं असतं. शेवटी बेचाळीस पौंडांवर माझे आठ आकडे न थरथरता पूर्ण झाले. तू रोज पंपाचे पाइप उचलतेस, तुला पंचेचाळीस सहज जमेल. पण त्या वेळी समोर जीव असेल आणि काळीज धडधडत असेल, म्हणून तीन पौंड मी मुद्दाम कमी ठेवलेत.

आता माझी फजिती ऐक. बाणाचं पातं मी स्वतः करणार असा हट्ट धरला. छत्तीस वर्षं हत्यारांना धार लावणारा मी, मला कोण शिकवणार? यंत्राच्या करवतीचं जुनं पातं घेतलं, अतिशय कडक पोलाद, आणि अशी धार काढली की नुसतं टेकवताच मनगटावरचे केस उतरले. मंगळूने धार बघून मान डोलावली, आत गेला, बोकडाच्या खांद्याचं हाड घेऊन आला आणि पाच पावलांवरून बाण मारला. टोक काचेसारखं उडालं. "धार चांगली, जीव नाय पात्यात," म्हणाला. आमच्या धंद्यात सगळे कडकपणाच्या मागे असतात, चिवटपणा कुणी विचारत नाही. मान खाली घालून परत आलो, जीपच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला, घासून पातळ केला, पाणी दिलं आणि निळसर रंग चढेपर्यंत पुन्हा मंद तापवला. ती सहा पाती डब्यात आहेत, दोन धारांची, साधी. हाडाला लावून बघितली, वाकलीसुद्धा नाहीत. काड्या मंगळूच्या बांबूच्या आहेत, जड, आणि सोनाराच्या काट्यावर तोलून सारख्या केलेल्या. हलका बाण लांब जातो, जड बाण आत जातो. दोरीला जे लोकरीचे गोंडे दिसतील ते आईच्या तपकिरी स्वेटरचे. दोरीचा टणत्कार त्याने दबतो, नाहीतर ते हरीण आवाजानेच उडी मारतं आणि बाण भलतीकडे लागतो.

पण मला खरं लिहायचं आहे ते धनुष्याबद्दल. माझा जीव मंगळूने केलेल्या बांबूच्या तिरकमठ्यावर जडला होता. दोन महिने तो माझ्यासाठी, म्हणजे तुझ्यासाठी, तासत होता. असं देखणं काम मी कुठल्या टूलरूममध्ये बघितलं नाही, कुठेही पट्टी लावा, दोन्ही बाजू सारख्या. तो हातात देता देता त्याने सहज विचारलं, तिथं हवा कशी हाय? मी तू आईला पाठवलेला मेसेज वाचून दाखवला: ओठ फुटतात, लाकडी दार आटून फट पडली आहे, साप येऊ नये म्हणून तिथे फडकं कोंबते. मंगळूने तिरकमठा माझ्या हातातून परत घेतला आणि खुंटीला लावला. "ह्या बांबूला आपल्या हवेची सवय. तिथं तडकंल, आन तडकंल ते पोरीच्या गालापाशी. माझा देनार नाय." मी गयावया केली, तेल लावून ठेवेल म्हणालो, जपून वापरेल म्हणालो. तो ऐकेना. वर बुधवारी एसटीने स्वतः नाशिकला आला, खेळाच्या सामानाच्या दुकानात माझ्याबरोबर आला आणि काचधाग्याचे थर दिलेली सात धनुष्यं एकेक करून ओढून, कान लावून ऐकली. दुसऱ्याच्या हातची. सातवं त्याने माझ्याकडे दिलं. डब्यात आहे ते हेच, बेचाळीस पौंडांचं, तीन तुकड्यांत सुटणारं. दुकानदाराने त्याला विचारलं, काका, तुम्ही स्वतः काय करता? तो म्हणाला, शेती. असा माणूस भेटला म्हणूनही मी तुझा ऋणी आहे, पोरी.

पंधरा पावलांच्या पुढे सोडू नकोस. तू कागदाबरोबर पाठवलेलं हरणाचं चित्र मी पाठ केलंय, काळीज पुढच्या पायाच्या ओळीत आणि बरंच खाली. आडवं उभं राहिलं तरच. नाही राहिलं तर घरी जा, दुसऱ्या दिवशी ये.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही. लग्नाआधी मी एका प्रेसशॉपवर होतो. एकदा घाईत डायचा, म्हणजे यंत्रातल्या साच्याचा, बोल्ट नीट आवळला नाही आणि फकिरा नावाच्या माझ्या जोडीदाराची दोन बोटं गेली. चूक माझी होती. मी आठ दिवस घरी गेलो नाही, स्टँडवर झोपलो. कारण तुझ्या आजोबांनी कारखान्यात जाऊ नको म्हणून बजावलं होतं आणि मला त्यांच्या तोंडून "सांगितलं होतं ना" ऐकायचं नव्हतं. त्या आठ दिवसांत मला दुसरं कुणी नको होतं, बापच हवा होता, आणि त्याच्याकडेच जाता आलं नाही. ते गेले, तरी मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत तू फोन ठेवलास त्याआधीचं माझं शेवटचं वाक्य हे होतं, की हातून काही वाकडं झालं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. चैताली, ते वाक्य मी परत घेतो, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. मी आणि मंगळूने जमेल ते सगळं केलंय, तरी बाण चुकू शकतो. जखमी होऊन ते जनावर झाडीत गेलं, तर तुमच्या माग काढणाऱ्या माणसांबरोबर शेवटपर्यंत शोध, अर्ध्यातून परत फिरू नकोस. आणि मग फोन कर. आईला नको, मला कर. कितीही वाजले असू देत. मी काहीही बोलणार नाही, नुसता ऐकेन.

तुझाच,
बाबा