पिवळी चरबी

मंगळवार, बत्हा

हमीदभाईंना आज गोश्ताच्या काउंटरवरून काढून फ्रीझरमध्ये खोकी उचलायला लावलं. माझ्यामुळे? सुरी तर त्यांच्याच हातात होती.

वीस वर्षं खेडला म्हशी कापलेला माणूस, इथे आखातात नवा. म्हशीची चरबी पांढरीच, चारा काहीही घाला. सकाळी कुरणात चरलेल्या गाईचं महागडं गोश्त आलं. पिवळी चरबी बघून म्हणाले, "इरफान, जनावराला कावीळ होती काय रे?"

हिरव्या गवताने गाईची चरबी पिवळी होते आणि तिचेच जास्त पैसे मिळतात, हे मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी मीही तीच चूक करणार होतो, पण शेजारच्या सुदानी कसायाने हात धरला. मी म्हटलं, "तुम्ही उस्ताद, तुम्हीच ठरवा." गिऱ्हाइकं हल्ली त्यांनाच शोधत येतात ना.

दुपारपर्यंत सगळी पिवळी चरबी कचऱ्यात. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, मी फळी पुसत राहिलो.

आता हमीदभाई खोलीवर आलेत, बोटं थंडीने वळत नाहीत. म्हणाले, "मॅनेजरला मी सांगितलंय, इरफानला यातलं काही माहीत नव्हतं. तुझं नाव नको यायला."

मी मान हलवली. त्यांची सुरी माझ्याकडे आलीय. धार छान ठेवली आहे त्यांनी.