सोनगीरच्या गोठ्यातली पॅकार्ड

लिहून ठेवणार : यादव तोताराम महाजन, वय ५४, व्यवसाय संस्कृत शिक्षक, राहणार देवपूर, धुळे.

प्रथम एक तक्रार नोंदवतो, कारण मेल्यावर ती कोणी ऐकून घेणार नाही. माझ्या मोटारीच्या उजव्या मडगार्डवर बशीच्या आकाराचा गोल डाग आहे. सोनगीरचा माझा मित्र गिरधर वना पाटील बशीने चहा पितो आणि एवढ्या मोठ्या जगात बशी ठेवायला त्याला तेवढीच जागा सापडते. डाग पॉलिशने जात नाही आणि गिरधर सांगून ऐकत नाही.

आता रीतीप्रमाणे. हे लिहिताना माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाविषयी डॉक्टरांचे मत वेगळे असून त्याच्या शस्त्रक्रियेसाठी उद्या मुंबईस जात आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी सौ. सुनंदाबाई स्वयंपाकघरातून "आटपा आता, वरण निवतंय" म्हणत आहे, तो दबाव धरू नये.

कलम १. राहते घर, फंडाची रक्कम व बँकेतील ठेव सुनंदाबाईची. संस्कृत ग्रंथ शाळेला द्यावेत. शाळा ते उघडणार नाही, पण कपाट भरलेले दिसेल.

कलम २. पान्यांचा संच व जॅक जळगावचे गॅरेजवाले छगन मिस्त्री यांना. इंजिन त्यांनीच बांधून दिले. मी पुस्तक वाचून सूचना करू लागलो की ते दर वेळी म्हणत, "गुरुजी, तुम्ही जरा चहा सांगून या." तरीही देतो.

कलम ३. मोटार. पॅकार्ड, १९३८ सालची, रंग किरमिजी. तापीकाठच्या एका जहागीरदारांनी ती हौसेने आणली. त्यांच्याकडून ती जळगावच्या एका जिनिंगवाल्या शेटजींकडे गेली. एका लग्नात नवरदेवासकट ती आग्रा रोडवर सोनगीरपाशी बंद पडली. शेटजींनी ती गिरधरच्या वडिलांच्या, वना आबांच्या, गोठ्यात ढकलून ठेवली आणि "उद्या माणूस पाठवतो" म्हणून निघून गेले. तो उद्या उगवलाच नाही. गाडी वर्षानुवर्षे बैलांशेजारी उभी राहिली. पुढे शेटजींच्या मुलाकडून मी तिचे कागद रीतसर विकत घेतले. तेव्हापासून कागद माझे आहेत. गाडी कोणाची, हा वाद आहे.

त्याचे कारण गिरधरची आई धुरपदाबाई. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाली की उरलेला हिंगूळ ती गाडीच्या दोन्ही दिव्यांना फासायची, बेगड चिकटवायची आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवायची. कागद घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिला समजावले, "आजी, हे यंत्र आहे. विलायती."

"दावनीले बांधेल शे ना? मंग? गोठामा शे ते बठ्ठं गोठानं."

गोठ्यात आहे ते सगळे गोठ्याचे, हा तिचा कायदा.

गाडी धुळ्याला आणून मी उभी केली. गाद्या नव्या शिवून घेतल्या. चाकांच्या झाकण्या कुठेच मिळेनात म्हणून सोनगीरच्या तांबटाकडून पितळेच्या ठोकून घेतल्या. त्यांना टिचकी मारली तर पातेल्याचा आवाज येतो. इतके करूनही ती माझ्या हाताने सुरू होत नाही. मी पुस्तकातल्या क्रमाने सगळे करतो, ती खोकते. गिरधरला कार्ब्युरेटर म्हणजे काय हे आजतागायत ठाऊक नाही. तो नुसता बसतो आणि ती चालू होते.

"मास्तर, तुम्ही तिले हुकूम करतस. जरा इचारी पाहा ना."

आणि सुनंदाबाई! मी चालवताना ती मागे बसते, उतरायला सोपे म्हणून. गिरधर चालवताना पुढे बसते. वर म्हणते, "भाऊंनी चालवली की पोटातलं पाणी हलत नाही." मत्सर, असूया, ईर्ष्या यांतला फरक मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. माझ्या ठिकाणी तिघी एकाच खोलीत राहतात.

दर पोळ्याला गाडी सोनगीरला न्यायची, असा शिरस्ता पडला होता. यंदा मी नकार दिला. तर पोळ्याच्या दिवशी धुरपदाबाई एसटीने धुळ्याला आली, सोबत हिंगुळाची वाटी आणि पुरणपोळीचा डबा. माझ्याच अंगणात सुनंदाबाईने तिला स्टूल दिले. दिवे रंगले. "माय, तुले बांधी ठेयं का वं यास्नी?" असे ती गाडीला माझ्यासमोर विचारत होती. मग गिरधर आईला न्यायला आला, गाडीत बसला आणि ती एका दमात चालू झाली. तिघे सोनगीरला गेले. पुढच्या सीटवर सुनंदाबाई. मी फाटक लावून घेतले.

म्हणून ठरवले होते की गाडी पुण्याच्या देवचंद पुतण्याला द्यावी. वकील म्हणाले होते, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा गिरधरलाच साक्षीदार करून ती वाट कायमची बंद करायची, असा माझा बेत होता. त्याचे नाव खाली लिहूनही ठेवले.

कलम ४. आज सकाळी तो सहीसाठी आला. कशावर सही, हे विचारलेही नाही. चहा प्याला, बशी नेहमीच्या जागी ठेवली आणि गाडीवरून हात फिरवत म्हणाला, "मास्तर, तुम्ही वापस येतस नही तवलोंग मी तिले हात लावाव नही. आईनी आन."

मी नसताना ती त्याच्या हाताने सुरू होईल, ही भीती मी इतकी वर्षे बाळगली. आईची शपथ गिरधर मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. मी परत आलोच नाही, तर ती पुन्हा अंधारात उभी राहील आणि तो दाराशी बसून राहील.

म्हणून कलम ३ मधील देवचंदविषयीचा बेत रद्द. गाडी कागदांसह गिरधर वना पाटील याला द्यावी. तेराव्यापर्यंत थांबू नये. मी गेलो त्याच दिवशी त्याने ती चालू करावी, त्याची शपथ मी सोडवली आहे. सुनंदाबाईने पुढे बसावे. मडगार्डवरचा डाग घासू नये.

मला मरणाची फारशी काळजी नाही. ती चालू होणार नाही, याची आहे.

ठिकाण : धुळे
दिनांक : ३ ऑक्टोबर १९९२

सही : यादव तोताराम महाजन

साक्षीदार :
१. गिरधर वना पाटील, सोनगीर (नाव खोडले. या. तो. म.)
१. छगन मिस्त्री, जळगाव (पाने व जॅक आजच हाती दिले, म्हणून कलम २ रद्द. या. तो. म.)
२. आधार सुपडू बैसाणे, शिक्षक, देवपूर, धुळे