गेटपाशी

मंगळवार, संध्याकाळ. मालवीय नगर, जयपूर.

आज क्लासमध्ये ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’ शिकवले. वाक्यं मी नेहमी घरचीच देते, त्यामुळे मुलांना माझा नवरा समीर चांगलाच ठाऊक आहे. चहात आलं घालायला विसरणारा, मला न्यायला गेटपाशी येणारा. तो मला सोडून नागपूरला निघून गेला, हे सांगितलेलं नाही. कसं सांगणार?

‘ऑल्दो’चं वाक्य मागितलं, तर कोमल उठली. इंग्रजीत म्हणाली, उशीर झालाय, तरी समीर सर गेटपाशी उभे आहेत. मग हळूच, "मॅम, सही है ना?"

"बिलकुल सही," म्हणाले. फळ्यावर लिहिलंसुद्धा.

क्लास सुटल्यावर मूर्खासारखी गेटपाशी थांबले. रिक्षावाले भैया विचारून गेले, तरी थांबलेच.